नावनिशीवार

९ ऑक्टोबर १९११, सोमवार, भर दिवसा. हान्खौ

रशियन वसाहतीत, बाओशान गल्लीतल्या चौदा नंबरच्या घरात सुन वू बाँब भरत बसला होता. शेजारी लियू तोंग, एका सहकाऱ्याचा धाकटा भाऊ, सिगारेट ओढत होता. राख झाडायला सगळं घर मोकळं होतं, पण ठिणगी पडली ती नेमकी दारूवर. निदान पुढे बहुतेकांनी सांगितलं ते असं. भडका उडाला आणि सुन वूचा चेहरा आणि हात होरपळले. सोबत्यांनी त्याचं डोकं कापडानं झाकलं आणि घाईघाईनं दवाखान्यात पोचवलं.

आवाज ऐकून वसाहतीचे रशियन पोलीस आले. घरात त्यांना झेंडे सापडले, शिक्के सापडले, जाहीरनामे सापडले, अजून जन्मालाही न आलेल्या सरकारच्या नोटा सापडल्या. आणि वह्या सापडल्या. कुठल्या पलटणीतला कोण आपला, याच्या. नावनिशीवार.

गुप्त कट करणारी माणसं आपल्याच लोकांच्या याद्या लिहून का ठेवतात, हे कोडं मला हा प्रसंग वाचताना दर वेळी पडतं. उत्तर बहुधा अगदी कारकुनी आहे. माणसं इतकी वाढली होती की तोंडपाठ ठेवणं अशक्य झालं होतं.

हे घर रशियन वसाहतीत घेतलं होतं तेही विचार करून. हान्खौच्या नदीकाठावर इंग्रज, रशियन, फ्रेंच, जर्मन आणि जपानी अशा पाच वसाहती ओळीनं बसल्या होत्या. जमीन चीनची, अंमल परक्यांचा. चिनी शिपायाला तिथे परस्पर कुणाला पकडता येत नसे. ज्या अपमानाविरुद्ध ही मंडळी पेटून उठली होती, त्याच अपमानाच्या आडोशाला ती बाँब भरत होती. त्या दिवशी मात्र आडोसा कामी आला नाही. रशियनांनी पकडलेली माणसं आणि कागद सरळ चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली केले.

त्याच दुपारी. नदीपलीकडे, वूचांग

यांगत्सेच्या एका तीरावर व्यापाराचं हान्खौ आणि पोलादाचं हान्यांग, तर दुसऱ्या तीरावर तटबंदीच्या आत वूचांग. तिथल्या वाड्यात हुबेइ आणि हुनान या दोन प्रांतांचा महासुभेदार रुईचेंग राहायचा. हा सरदार चीशानचा नातू. १८४१ साली अफूच्या युद्धात इंग्रजांशी बोलणी करून हाँगकाँग सोडायला तयार झाला तोच चीशान. त्या युद्धाचं कारण असलेल्या अफूपैकी माळव्याची अफू मुंबई बंदरातून गलबतांवर चढत असे, एवढा आपल्याकडचा धागा या गोष्टीला आहे. आजोबांच्या कपाळी लागलेला तो डाग नातवाला ठाऊक नसणं शक्य नव्हतं.

रुईचेंगला कटाचा वास आधीच लागला होता. ६ ऑक्टोबरला शरद पौर्णिमेचा सण होऊन गेला. चौदाव्या शतकात या सणाच्या गोड वड्यांत चिठ्ठ्या लपवून लोकांनी मंगोलांविरुद्ध उठाव केला, अशी चीनमध्ये दंतकथा आहे. त्यामुळे 'यंदा पौर्णिमेला मांचूंची पाळी', म्हणजे आताच्या राज्यकर्त्यांची, ही कुजबूज गल्लोगल्ली चालली होती. कटवाल्यांनी मुहूर्त खरोखरच पौर्णिमेचा धरला होता, पण तयारी अपुरी म्हणून तो पुढे ढकलला. रुईचेंगनं तेवढ्यात पलटणींच्या रजा बंद केल्या आणि शिपायांकडची काडतुसं काढून घेतली. बंदूक हातात, गोळी कोठारात.

आता ज्यांच्या गोळ्या काढून घ्याव्या लागल्या ते शिपाई कोण, हे नीट बघायला हवं. ही दरबाराचीच नवी फौज होती. १९०० च्या बॉक्सर बंडानंतर आठ परकी सैन्यं पेकिंगमध्ये घुसली आणि पुढच्या वर्षी चीनच्या डोक्यावर ४५ कोटी ताएल चांदीचा दंड बसला. ताएल म्हणजे सव्वातीन तोळ्यांच्या आसपास. फेड ३९ वर्षांत, व्याज वेगळं. एवढं झाल्यावर म्हाताऱ्या राजमाता त्सिशीला सुधारणा पटल्या. शाळा निघाल्या, पोरं जपानला शिकायला गेली, जर्मन आणि जपानी धर्तीची फौज उभी राहिली. १९०५ साली शतकानुशतकं चालत आलेल्या सरकारी परीक्षा बंद झाल्या. त्या परीक्षांसाठी घोकंपट्टी केलेल्या पोरांनी जायचं कुठे? हुबेइचा जुना महासुभेदार झांग झिदोंग याला शिपाई लिहितावाचता येणारा हवा असे. तेव्हा ती पोरं पलटणीत आली आणि बराकीत वर्तमानपत्रं वाचू लागली.

या फौजेतल्या एका गुप्त संघटनेचं नाव होतं 'साहित्य सभा'. आपल्याकडे साहित्य संस्थांमध्ये बंडं होतात ती फार तर अध्यक्षपदावरून. इथे सभासद पगारातून वर्गणी द्यायचे आणि राजघराणं उलथण्याची खलबतं करायचे. दुसरी संघटना सुन वूची. त्याच्या नावामुळे तो क्रांतिकारकांचा परदेशातला पुढारी सुन यत्सेन याचा भाऊ असल्याची समजूत पसरली होती आणि ती खोडून काढायची त्याला काहीच घाई नव्हती. सप्टेंबरच्या अखेरीस दोन्ही संघटना एकत्र आल्या. हुबेइच्या पंधराएक हजार सैनिकांपैकी तिसरा हिस्सा त्यांच्या बाजूचा होता, असा अंदाज दिला जातो.

दरबारानंही त्या वर्षी हातभार लावायचं बाकी ठेवलं नव्हतं. मे महिन्यात नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं, त्यातल्या १३ जणांत देशात बहुसंख्य असलेले हान फक्त ४. दुसऱ्याच दिवशी प्रांतांनी स्वतः पैसे गोळा करून बांधायला घेतलेले मुख्य लोहमार्ग केंद्रानं ताब्यात घेतले, आणि त्याच महिन्यात इंग्रज, फ्रेंच, जर्मन आणि अमेरिकी बँकांकडून ६० लाख पौंडांच्या कर्जावर सही झाली. सिचुआनमध्ये रेल्वेचे भाग शेतसाऱ्याबरोबर वसूल झालेले, म्हणजे खेडोपाडीचा शेतकरीही भागधारक. ७ सप्टेंबरला चेंगदूत जमाव महासुभेदाराच्या दारात गाऱ्हाणं घेऊन गेला, त्याच्यावर गोळीबार होऊन कित्येक माणसं मेली. सिचुआन पेटलं. ते विझवायला फौज पाठवली ती हुबेइचीच, आणि वूचांग तेवढं मोकळं पडलं.

संध्याकाळी ५

वूचांगमध्ये शियाओचाओ रस्त्यावर ८५ नंबरच्या घरी कटाचं मुख्य ठाणं होतं. सेनापती जियांग यीवू सकाळीच परगावाहून परतला होता. सुन वू भाजल्याची आणि वह्या गेल्याची खबर आली तेव्हा कटातला सहकारी लियू फूजी याचं म्हणणं पडलं की आता बसून मरण्यात अर्थ नाही. जियांगनं हुकूम लिहिला: आज मध्यरात्री शहराबाहेर नानहूच्या तोफखान्यानं तोफ डागायची, तो आवाज ऐकताच प्रत्येक पलटणीनं उठायचं. हुकमाच्या नकला घेऊन माणसं निघाली.

रात्री दहानंतर

दारावर थाप पडली ती पोलिसांची. लियू फूजीनं जिन्यातून बाँब फेकले, पण पोलीस मागे हटले नाहीत. तो पकडला गेला, त्याचा सोबती पेंग चूफान पकडला गेला. यांग होंगशेंग बाँब पोचवण्याच्या खटपटीत वेगळाच सापडला.

सेनापती मात्र निसटला. जियांग यीवूच्या पाठीवर लांब शेंडी होती आणि अंगात जुनापुराणा झगा. मांचूंनी चीन जिंकल्यावर हान पुरुषांवर लादलेली ही शेंडी म्हणजे गुलामीची खूण, ती कापणं म्हणजे बंड. पोलिसांना हा गृहस्थ खेड्यातला पंतोजी वाटला. गर्दीत कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि तो चालत निघून गेला.

मध्यरात्र

बराकीबराकीत माणसं जागी होती, कान नानहूकडे लावून. तोफ वाजली नाही. वेशी बंद झालेल्या, गस्त वाढलेली, आणि तोफखान्याकडचा हुकूम वेळेत पोचलाच नाही. ज्यांना हुकूम मिळाला ते वाट बघत राहिले. ज्यांना मिळाला नाही ते झोपले.

१० ऑक्टोबर, पहाटेपूर्वी

महासुभेदाराच्या वाड्यातच रातोरात चौकशी झाली. पेंग चूफान हा लष्करी पोलिसातला. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं त्याला सुटायची वाट दाखवली असं सांगतात: तू तिथे बंडखोरांना पकडायलाच गेला होतास ना? पेंगनं ती वाट घेतली नाही. उजाडायच्या आत तिघांचीही मुंडकी वाड्याबाहेर उडवली गेली.

सकाळ

वेशी बंद. रुईचेंगनं पेकिंगला तार केली. तिचा आशय असा, की उठाव अंकुरातच खुडला, चिंता नसावी.

आता त्याच्या टेबलावर ती वही होती. तिचं करायचं काय?

चीनमध्ये लहान पोरालाही कथेकऱ्यांच्या तोंडून ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. इसवी सन २०० मध्ये ग्वान्दूच्या लढाईनंतर विजयी त्साओ त्साओला शत्रूच्या छावणीत पत्रांचा गठ्ठा मिळाला. त्याच्याच माणसांनी शत्रूला लिहिलेली पत्रं! त्यानं ती न वाचता जाळून टाकली. रुईचेंगनं ही वही भर चौकात जाळली असती तर? इतिहासात जर-तर करू नये म्हणतात, पण इथे मोह आवरत नाही. कारण त्या यादीत नाव असलेले शेकड्यांनी निव्वळ वर्गणीदार होते. मित्रानं गळ घातली म्हणून नाव घातलेले. वेळ आली असती तर त्यातले किती उठले असते, कोण जाणे. वही जळाली असती तर बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकून कवायतीला गेले असते.

वही जळाली नाही. धरपकड चालू राहिली.

दुपार

बराकीत अफवांचं पीक आलं. यादीतल्या सगळ्यांना उडवणार. यादीत नसलेले, पण शेंडी कापलेले, त्यांनाही उडवणार. कुणी म्हणे फक्त हानांना. वहीत आपलं नाव आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याचं नव्हतं तोही घाबरला. इतक्या वर्षांच्या छुप्या पत्रकांना जे जमलं नव्हतं ते या न पाहिलेल्या वहीनं एका दुपारीत केलं.

आठव्या इंजिनियर पलटणीत श्योंग बिंगकुन सोबत्यांच्या कानाला लागत होता. त्याचं सांगणं एकच, मरायचंच आहे तर संध्याकाळी मरू. अडचण गोळ्यांची. इकडून तिकडून चोरलेली मूठ-मूठ काडतुसं जमा झाली. माणशी दोन-तीन गोळ्या, तीनशे वर्षांच्या राजघराण्यासाठी.

संध्याकाळी ७ च्या सुमारास

ताओ चीशेंग हा पलटणीतला छोटा अधिकारी गस्त घालत आला. जिन झाओलोंग बंदूक घेऊन तयारीत दिसला. ताओनं विचारलं, बंड करायचा विचार आहे की काय? जिननं होय म्हटलं, आणि दोघांची झोंबाझोंबी झाली. तेवढ्यात चेंग दिंगग्वो यानं मागून बंदुकीचा दस्ता हाणला. ताओ पळायला लागला तशी गोळी झाडली.

पुढे या 'पहिल्या गोळी'चं श्रेय श्योंग बिंगकुनच्या नावावर जमा झालं, खुद्द सुन यत्सेननं त्याची तशी ओळख करून दिली. गोळी चेंगची होती. शिवाय याच संध्याकाळी शहराबाहेर उत्तरेला रसद-पलटणीत ली पेंगशेंगनं गंजीला आग लावली होती, तिच्या ज्वाळा शहरातून दिसत होत्या. पहिलं कोण, यावर त्या मंडळींची म्हातारपणापर्यंत भांडणं चालली. इकडे त्या क्षणी बराकीत खिडक्यांची तावदानं फुटत होती, अंधारात कोण कुणावर गोळी झाडतंय ते कळत नव्हतं, आणि श्योंग शिट्टी फुंकून माणसं गोळा करत होता. मिळाली चाळीसएक.

रात्री ८ ते १०

चाळीस माणसं चूवांगताईच्या शस्त्रागाराकडे पळाली. पहाऱ्यावर त्यांच्याच पलटणीची तुकडी होती. फाटक आतून उघडलं. आत हजारो बंदुका आणि हव्या तितक्या गोळ्या. रुईचेंगनं शिपायांपासून लांब ठेवलेली काडतुसं शिपायांनीच राखलेली होती, हे त्याला सुचलं नव्हतं.

शस्त्रं मिळाली, माणसं वाढत चालली, आणि मग लक्षात आलं की हुकूम द्यायला कोणी नाही. सुन वू पट्ट्या बांधून पडलेला, जियांग यीवू पळालेला, लियू फूजी मेलेला. सुन यत्सेन अमेरिकेत, त्याचा साथीदार हुआंग शिंग हाँगकाँगमध्ये. श्योंग साधा हवालदार, त्याचं कोण ऐकणार! शोधाशोधीत वू झाओलिन सापडला. त्या पलटणीचाच अधिकारी, बंदुकींचा आवाज ऐकून लपलेला. त्याला बाहेर काढून सेनापती केला. त्यानं अट घातली की हुकूम पाळायचा, आणि नकाशे मागवले. त्या रात्रीतला पहिला लष्करी विचार इथे सुरू झाला.

रात्री १०.३० नंतर

वाड्यावर पहिला हल्ला परतवला गेला. नानहूचा तोफखाना आता शहरात शिरला होता. आदल्या रात्री ज्या तोफेची वाट पाहिली ती एक दिवस उशिरा आली. तोफा सापटेकडीवर आणि शस्त्रागारापाशी चढवल्या. या टेकडीच्या टोकाला शतकानुशतकं कवींनी गायलेला पीतक्रौंच मनोरा होता. तो १८८४ सालीच जळाला होता, तेव्हा त्या रात्री तो तिथे नव्हता.

पाऊस पडत होता. काळोख असा की गोलंदाजांना वाडा दिसेना. मग काही जण वाड्याजवळच्या दुकानांपाशी गेले आणि रॉकेल ओतून आग लावली. लाकडी दुकानं पावसातही पेटली. त्या उजेडात वाड्याचं छप्पर दिसू लागलं आणि गोळे नेमके पडायला लागले. दुकानदारांचं काय झालं, त्यांना काय मिळालं, याबद्दल मी वाचलेल्या वृत्तांतांत एक ओळ नाही.

मध्यरात्रीनंतर

गोळे अंगणात पडायला लागले तेव्हा रुईचेंगनं वाड्याची मागची भिंत फोडायला लावली. त्या भगदाडातून बायकामुलांसह बाहेर पडून तो यांगत्सेवरच्या 'चूयू' या गनबोटीवर गेला. त्याच्या फौजेत लढणारे अजून होते. सेनापती झांग ब्याओ पुढे काही तास झुंजला. पण महासुभेदार नदीवर, ही बातमी पसरल्यावर कोण कशासाठी मरणार?

रुईचेंगनं हान्खौच्या परकी वकिलातींकडे मदत मागितली. नदीत परक्यांच्या गनबोटी होत्या, त्यांनी चार तोफा डागल्या असत्या तर चित्र वेगळं दिसलं असतं. त्या डागल्या गेल्या नाहीत. आठवड्याभरानं, १८ ऑक्टोबरला, वकिलातींनी तटस्थता जाहीर केली.

११ ऑक्टोबर, सकाळ ते दुपार

वूचांग पडलं, पण ताबा कुणाचा हे सांगायला चेहरा नव्हता. हवा होता वजनदार, लोकांना माहीत असलेला माणूस. नाव निघालं ली युआनहोंगचं. हा मिश्र ब्रिगेडचा प्रमुख, शिपायांत बरा म्हणून ओळखलेला, क्रांतीशी सुतराम संबंध नसलेला. उलट आदल्याच रात्री उठावाचा निरोप घेऊन त्याच्या छावणीत आलेल्या एका शिपायाला यानं स्वतःच्या हातानं मारलं होतं. मग हाताखालच्या एका अधिकाऱ्याच्या घरी जाऊन लपला. पलंगाखाली, असं हौशी लोक सांगतात. घरातली चीजवस्तू हलवायला पाठवलेला नोकर पेटी घेऊन जाताना पकडला गेला आणि मालकाचा पत्ता लागला.

ज्यांनी बंदुका रोखून त्याला आणलं तेच त्याला सलाम करत होते. प्रांतिक विधिमंडळाच्या लाल विटांच्या इमारतीत त्याच्यापुढे जाहीरनामा ठेवला: लष्करी राज्यपाल, सही करा. ली थरथरत म्हणत राहिला, मला यात ओढू नका. शेवटी ली यीदोंग नावाच्या शिपायानं कुंचला उचलला आणि राज्यपालांच्या वतीनं स्वतःच 'ली' असं लिहून टाकलं. नवा राज्यपाल पुढचे दोन दिवस मातीच्या मूर्तीसारखा गप्प बसून होता. जाहीरनामे मात्र भिंतीवर लागले, आणि लोक ते वाचायला जमले.

११ ते १३ ऑक्टोबर

हे तीन दिवस शौर्यकथांमध्ये घाईनं उरकले जातात. वूचांगमधल्या मांचू शिपायांना, त्यांच्या बायकामुलांना शोधून मारलं गेलं. मेले ते शेकड्यांनी. चेहऱ्यावरून मांचू ओळखू येत नाही, म्हणून वेशीवर माणसाला थांबवून 'सहा' हा आकडा म्हणायला लावत. हुबेइच्या माणसाच्या तोंडी त्याचा एक उच्चार, पेकिंगी वळणाच्या मांचूच्या तोंडी दुसरा. आदल्या मंगळवारी हेच शिपाई एका वहीत आपलं नाव असेल म्हणून भीतीनं गारठले होते. आता वहीची गरज नव्हती, एक शब्द पुरत होता.

१२ ऑक्टोबर. डेन्व्हर, अमेरिका

सुन यत्सेन वर्गणी गोळा करत फिरत होता. काही दिवसांपूर्वी त्याला हुआंग शिंगची सांकेतिक तार मिळाली होती, पण सांकेतिक शब्दांचं पुस्तक पुढे पाठवलेल्या सामानात. डेन्व्हरला पोचल्यावर सामान हाती आलं, रात्री त्यानं तार उलगडली. वूचांगहून माणूस आलाय, उठाव जवळ आलाय, पैसे हवेत. सुनकडे पैसे नव्हते. आत्ता हलू नका, असं उत्तर करावं असं त्याच्या मनात होतं. पण रात्र झाली होती, अंग शिणलं होतं. सकाळी बघू म्हणून तो झोपला.

उठायला अकरा वाजले. खायला जाताना वाटेत त्यानं वर्तमानपत्र घेतलं आणि टेबलाशी बसून उघडलं. वूचांग क्रांतिकारकांच्या हाती, अशी बातमी होती.

तो चीनकडे निघाला नाही. पॅसिफिक ओलांडून वीसेक दिवसांत पोचता आलं असतं, तरी त्यानं उलटी वाट धरली, आधी अमेरिकेचा पूर्व किनारा आणि मग लंडन. दरबाराला चार देशांच्या बँकांकडून मिळणारं पुढचं कर्ज आधी अडवायचं होतं.